जरा हळू म्हणा!

माणसाने आयुष्यात कोणकोणत्या गोष्टी हळू कराव्यात याची एक यादी आमच्या घरात बऱ्याच वर्षांपासून तोंडपाठ आहे. जिना हळू उतरावा, शेवभाजीचा रस्सा हळू ओरपावा, आणि पेन्शनचा आकडा सांगायची वेळ आलीच तर तो भिंतीलासुद्धा ऐकू जाणार नाही इतका हळू सांगावा. या यादीबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण गेल्या मे महिन्यात तिच्यात एक नवे कलम घुसले आणि तेव्हापासून मी घरातला विरोधी पक्ष झालो आहे. ते कलम असे : गाणे हळू म्हणावे.

हे कलम आणले माझ्या पुतण्याने. तो पुण्याला असतो. तिथे तो काय काम करतो हे त्याने मला तीनदा समजावून सांगितले आहे आणि तिन्ही वेळा मला समजले असे मी त्याला सांगितले आहे. सुटीत पारोळ्याला येताना त्याने बोटाएवढा एक माइक आणला आणि जाहीर केले की घरातल्या जुन्या माणसांची गाणी आता मोबाइलमध्ये साठवून ठेवायची. जुन्या माणसांत दोन नावे निघाली. एक आमची फुई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे, आणि जात्यावरच्या ओव्या इतक्या की दळण संपेल पण ओव्या संपायच्या नाहीत. दुसरे नाव माझे. सुरुवात माझ्यापासून करायचे ठरले. नवी सुरी आधी भोपळ्यावर चालवून बघतात, तसे.

आता पारोळ्याचा मे महिना ज्याने काढलेला नाही त्याला पुढची हकीकत नीट कळणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या घरात. अशा वेळी पुतण्याने पहिला हुकूम सोडला, ‘‘काका, पंखा बंद.’’ पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणे. मग खिडक्या बंद, कारण धुळे-जळगाव रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न येतात. मग कुकर बंद. सौभाग्यवती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसल्या. भक्तिभावाने नव्हे, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

मी घाम पुसला, पट्टी धरली, अभंगाचा पहिला सूर लावला, तोच पुतण्या दोन्ही हात हलवत ओरडला, ‘‘काका, हळू! लेव्हल लाल जातेय!’’ मी हळू झालो. ‘‘अजून हळू.’’ अजून झालो. ‘‘हां, आता कसं!’’ असे तो म्हणाला तेव्हा माझा आवाज, दहाव्याच्या विधीला गेलेला माणूस परतीची एस्टी कितीला आहे हे शेजाऱ्याला विचारताना काढतो, तेवढा उरला होता.

नंतर त्याने ते ऐकवले. अभंग म्हणणारा गृहस्थ एक तर आजारी असावा, नाही तर दारात वसुलीला वाणी उभा असावा. सूर खाली ओघळलेले, शब्दांची शेवटची अक्षरे गळून पडलेली, आणि प्रत्येक ओळीआधी श्वासाचा असा फूत्कार की घरात जनावर निघाले म्हणून कोणी काठी शोधावी. पुतण्या म्हणाला, ‘‘लेव्हल मात्र परफेक्ट आहे, काका.’’

इथून माझे भांडण सुरू होते.

भांडण हळू गाण्याशी नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाही तर मला कोणी बँडवाल्यांचा वकील ठरवेल. कुंदनलाल सैगल मोठ्याने कुठे गात होते? आपल्याच उशाशी बसून गातात असे वाटते. पण त्या हळू सुराच्या खाली श्वासाची अशी भक्कम जोती आहे की त्यावर दोन मजले चढवावेत. मोट चालवलेल्या माणसाला विचारा. भरलेली मोट वर येताना बैल आपले काम करतात. पण रिकामी मोट हळूहळू विहिरीत सोडायची असते तेव्हा बैल मागे मागे आणताना नाड्यावर सारखे लक्ष ठेवावे लागते. गळ्याचे तसेच आहे. मोठा सूर एक वेळ जोरावर निभतो, बारीक सुराला ताबा लागतो. ज्याला खुल्या आवाजात सूर धरता येतो तोच तो बारीक करू शकतो. आम्हां घरगुती गवयांना ‘हळू’ म्हटले की आम्ही सूर बारीक करत नाही, आम्ही श्वासच कमी घेतो. मग पोट ढिले, घसा आवळलेला आणि सूर पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली. हे हळू गाणे नव्हे. हे दबकून गाणे.

मग लेव्हल लाल जाते त्याचे काय? तर त्या लाल दिव्याला मी खोटा म्हणत नाही. नव्या यंत्रांना वरची एक मर्यादा असते, आवाज तिच्यापलीकडे गेला की त्याची शेंडी कापली जाते, आणि एकदा कापलेली शेंडी पुन्हा लावून देणारा न्हावी अजून जन्मला नाही. सगळे कबूल. पण आवाज माइकला जास्त होतोय याचा अर्थ गाणाऱ्याने कमी गावे असा कसा होतो? चुलीपाशी बसून चटका बसला तर माणूस मागे सरकतो, भाकरी कच्ची ठेवत नाही! आवाजाचा साधा हिशेब आहे : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी सहा डेसिबलने उतरते, म्हणजे लाटेची उंची निम्मी होते. वीतभर अंतरावरचा माइक दोन वितींवर न्या, काम झाले. पुतण्याने तो माइक माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला चिमट्याने लावला होता. तिथून त्याला माझा सूर तर ऐकू येत होताच, पण दुपारी खाल्लेले भरीतही ऐकू येत असणार.

ही अक्कल काही माझी नाही, ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि हॉटेलातल्या तात्पुरत्या खोलीत त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. स्टुडिओ वगैरे काही नाही, म्हणजे आपल्या घरगुती रेकॉर्डिंगचाच मोठा भाऊ म्हणा. तेव्हा विजेचा माइकही नव्हता, तो ध्वनिमुद्रणात आला १९२५च्या सुमारास. गायिकेपुढे नुसता एक मोठा कर्णा, आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणात रेघ ओढणार. तीन मिनिटांत ख्याल उरकायचा आणि शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे ठणकावून सांगायचे, म्हणजे दूर जर्मनीत तबकड्या करणाऱ्यांना कळावे की हे गाणे कोणाचे. त्या काळी जगभरच्या मुद्रणात एक रीत होती. गाणारा वरच्या सुरावर गेला की त्याने कर्ण्यापासून मागे सरकायचे. आणि त्याला ते भान राहिले नाही तर मुद्रण करणारा माणूस सरळ त्याला धरून मागे ओढत असे, खालच्या सुराला पुन्हा पुढे ढकलत असे. यंत्र इतके दुबळे, तरी ‘हळू गा’ असे म्हणण्यापेक्षा माणूस हलवणे त्यांना सोपे वाटले. आणि आज यंत्र इतके हुशार, तरी आम्ही गळाच दाबायला निघालो.

माइकपुढे गायचे ही वेगळी विद्या आहे, हे मान्य. लता मंगेशकरांचे आजोळ आमच्या खानदेशातले, शिरपूर तालुक्यातले थाळनेर. आजीकडून ऐकलेली गाणी त्यांच्या कानात लहानपणापासून होती. पुढे सिनेमात आल्यावर माइकसमोर श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, की तो ऐकणाऱ्याला कळू नये, हे अनिल विश्वासांनी शिकवले असे त्या स्वतः सांगत. बघा, शिकवला तो श्वास. ‘दबकून गा’ असे कोणी शिकवले नाही.

पण खरे सांगू? लेव्हल हे निमित्त असते. घरात गाताना माणसे दबकतात ती यंत्राला भिऊन नव्हे, शेजाऱ्यांना भिऊन. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याने जेवढे गळे बसवले तेवढे थंड ताकाने बसवले नसतील. आणि हे कुठे? ज्या गावात लग्नसराईत डीजेची गाडी गल्लीतून जाते तेव्हा फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांशी बोलू लागतात, तिथे! कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालापासून घालून दिलेली आहे. ती मर्यादा त्या गाडीला कोणी वाचून दाखवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आमच्या भुईकोट किल्ल्याने अठराव्या शतकापासून बरेच काही सोसले, झाशीच्या नेवाळकरांच्या नात्यापायी इंग्रजांचा रागही सोसला. पण वरातीतल्या भोंग्यांनी तो जेवढा हादरत असेल तेवढा तोफांनी हादरला नसेल. त्या वेळी खिडकीतून डोके काढून ‘जरा हळू’ म्हणणारा माईचा लाल मला दाखवा. घरातल्या घरात एक म्हातारा माणूस अभंग म्हणतो, तेव्हा मात्र सगळ्यांना शेजारधर्म आठवतो.

खोलीचेही थोडे सांगितले पाहिजे. आमचे जुने घर धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती, शेणामातीचे सारवण, कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, दांडीवर गोधड्या. त्या घरात सूर लावला की तो भिंतीत मुरायचा आणि जेवढा हवा तेवढाच परत यायचा. आता स्लॅबचे घर आले, खाली गुळगुळीत फरशी, समोर काचेचे शोकेस. यात नुसते खाकरले तरी चार माणसे खाकरल्यासारखी वाटतात. या घुमण्याला भिऊन माणूस आणखी हळू होतो. उपाय फुकटचा आहे : दोन-चार गोधड्या खुर्च्यांवर टाका आणि त्यांच्याकडे पाठ करून बसा, म्हणजे मागून परतणारा आवाज गोधड्या गिळतात. आणि कानांत ते बोंडूक घालून गायचे असेल तर एक कान मोकळा ठेवा. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवून दिले की कानावर गोंगाट पडला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. दोन्ही कानांत तबला-पेटी ओतून घेतली की गाणारा ओरडू लागतो, मग पुतण्या ‘हळू’ म्हणतो, मग तो दबतो. आमचा शाहीर कानामागे हात धरतो तो काय कान दुखतो म्हणून? स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणून. असो, शाहिराने ते प्रबंध लिहून सिद्ध केले नाही, म्हणून फ्रेंच डॉक्टरचा दाखला दिला.

एवढा कंठशोष मी एका अभंगासाठी करत नाही. माझा अभंग जगाने ऐकला नाही तर जगाचे काही बिघडत नाही, उलट सुधारत असेल. माझ्या कपाटात एक कॅसेट आहे, तिच्यामुळे हे सगळे चालले आहे.

१९८६ साली माझ्या धाकट्या भावाने मुंबईहून एक टेपरेकॉर्डर आणला. तेव्हा मोठी आई होती. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. तिचा आवाज असा की पहाटे ती दळायला बसली की आमच्याच काय, मागच्या गल्लीतल्या बायांनाही उठायला घड्याळ लागत नसे. समोर फुई माहेरी आलेली असली की विचारायलाच नको. ननंद-भावजय जात्याच्या दोन बाजूंना, एकीने ओवी टाकायची आणि दुसरीने उचलायची. दिवसभर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, सासऱ्यासमोर एक शब्द न बोलणारी ही बाई त्या वेळी गल्लीभर ऐकू जाईल असे गायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे. जाते हीच तिची परवानगी होती. पुढे पिठाची गिरणी आली, बायांचे खांदे सुटले. चांगले झाले. पण परवानगीही त्याबरोबर गेली, हे आमच्या लक्षात आले नाही.

तर आम्ही तिघा भावांनी तिला टेपसमोर बसवले. तिने पहिली ओवी उचलली मात्र, आम्ही तिघेही दचकलो. आत पोर निजलेले, बाहेर ओसरीवर पाहुणे बसलेले, आणि टेप नवा. कोणीतरी म्हणाले, ‘‘मोठी आई, जरा हळू म्हण ना, टेप फाटेल.’’ ती हळू झाली. चाल तुटली. पुन्हा सुरू केले, पुन्हा कोणीतरी थांबवले. चार ओव्या कशाबशा झाल्या आणि ती उठली. जाताना म्हणाली, ‘‘गानं का कानमा सांगतस का रे भो?’’ गाणे काय कानात सांगायचे असते का? आम्ही हसलो. पुढच्या थंडीत ती गेली.

पुढे मला कळले की त्या जातीच्या टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असायची. आवाज मोठा झाला की ते यंत्र आपणच तो आवरते, लहान झाला की उचलते. म्हणजे आम्ही काहीही बोलण्याची गरज नव्हती. टेप फार तर चार पावले लांब ठेवायचा होता. आज ती कॅसेट लावली की मोठी आईचा दबका, ओळखू न येणारा आवाज येतो. ती थांबली की यंत्र तेवढ्यात पंख्याची घरघर उचलून वर आणते. आणि मग सबंध कॅसेटवरचा सगळ्यांत मोठा, सगळ्यांत स्वच्छ, एक अक्षरही न गळलेला आवाज येतो : ‘‘हळू!’’ तो माझा आहे.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी कागदावर उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला हातात धन आले. अक्षरे आली. पण ही गाणी म्हणताना त्या कोणत्या पट्टीत म्हणायच्या, कुठे सूर लांबवायच्या, हे पुस्तकाला कसे सांगता येणार? पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या कितीतरी बायांच्या आवाजातच टिपल्या गेल्या. ते ऐकताना मला नेहमी मोठी आई आठवते. तिच्या घरात टेप होता आणि तिचेच पुतणे होते. म्हणून तिचे गाणे राहिले नाही.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. पंखा लावून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘काका, कॅसेट कुठे आहे?’’ ऐकली. पुन्हा ऐकली. ‘‘हळू’’पाशी त्याने माझ्याकडे बघितले नाही, हे त्याचे सौजन्य.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, उन्हाच्या आधी, फुईला बसवले. फुई म्हणाली जात्याशिवाय ओवी येत नाही. तुळशीमागे पालथे पडलेले जाते धुऊन आणले, मूठभर गहू टाकले. पुतण्याने सवयीने तोंड उघडले, ‘‘फुईआजी, जरा...’’ आणि तिनेच त्याला वाटेत अडवले, ‘‘मी गासू. तुना डबा कोठे ठेवाना, ते तू दख.’’ डबा म्हणजे मोबाइल.

तेव्हा तो डबा तांदळाच्या डब्यावर ठेवला, पाचेक फुटांवर. फुईला आधी सगळ्यांत वरच्या सुराची ओवी म्हणायला लावली आणि तीवर लेव्हल बांधली; लाल दिव्याच्या खाली बरीच जागा सोडून. पहिल्या खेपेला पुतण्याने घरघर काढून टाकणारी कसलीशी करामत चालू ठेवली होती. त्या शहाण्या यंत्राने एकसारखा येणारा जात्याचा आवाज हा कचरा समजून झाडून टाकला, आणि त्याबरोबर ओव्यांची लांबवलेली शेवटेही झाडली. ती करामत बंद केली. दुसऱ्या खेपेला जाते आले, बांगड्या आल्या, आणि फुईचा आवाज आला. कापरा झाला आहे, पण उघडा.

चौथ्या-पाचव्या ओवीला ती अशी काही रंगली की बांधलेली लेव्हलही पुरेना. पुतण्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही. त्याने मोबाइलसकट तो तांदळाचा डबा उचलला आणि पोटाशी धरून एक एक पाऊल मागे सरकत तो उंबरा ओलांडून ओसरीत गेला. ते मुद्रण आता आमच्याकडे आहे. शेवटी फाटक करकरल्याचा आवाज आहे, कोणाच्या तरी चपला आहेत, आणि शेजारच्या काकूंचा आवाज आहे. आम्हाला वाटले तक्रार घेऊन आल्या. पहाटे पाच वाजता उठवल्यावर कोणीही येईल.

‘‘फुई,’’ काकू म्हणतात, ‘‘आखो एक व्हऊ दे.’’

पुतण्या विचारत होता, हे बोलणे कापून टाकू का. फुई म्हणाली, तिला बसायला पाट दे आधी.